ज्वारीतला फोटो

आमच्या कृषी महाविद्यालयाच्या निवृत्त प्राचार्यांनी आयुष्यभर शेतीचे फोटो काढले. ते आता महाविद्यालयाच्या संग्रहात लावायचे होते, म्हणून कुठला फोटो कुठला हे विचारायला मी त्यांच्या घरी गेले. सरांना अलीकडे माणसं ओळखू येत नाहीत, हे त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, दारातच सांगितलं.

पण फोटो हातात येताच सर बोलू लागले. जपानमधली भातलावणी, इटलीतले द्राक्षमळे, कोकणातली नाचणी, सगळं त्यांनी ओळखलं. मग एक फोटो आला. त्यात उंच ज्वारीत एक तरुण मुलगी उन्हानं डोळे बारीक करून उभी होती.

"रब्बीची ज्वारी," सर म्हणाले. "काय कणसं भरली होती त्या वर्षी."

"आणि ही कोण?" शेजारी बसलेल्या काकूंनी विचारलं.

"असेल कुणीतरी. पिकाची उंची कळावी म्हणून आम्ही कुणाला तरी उभं करायचो."

मी काकूंकडे पाहिलं. त्या मुलीची हनुवटी आणि काकूंची हनुवटी एकच होती. माणसाच्या आठवणीतून आधी काय गळून जावं, हे त्याच्या प्रेमावर ठरत नसावं. नाहीतर परदेशातले मळे शाबूत राहून घरातलं माणूस कसं हरवलं असतं?

सर अजून फोटोच पाहत होते. "फार ऊन आहे तिथं," ते हळूच म्हणाले. "तिला सावलीत बोलवायला हवं होतं."

काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"बोलावलं होतं तुम्ही," त्या म्हणाल्या.