डब्याचा रकाना

मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला, आकुर्डीतल्या माझ्या दवाखान्यात, ईश्वरीची गोळी नऊ दिवसांपासून बंद असल्याचं उघड झालं. ते मी शोधलं नाही. तिच्या वडिलांनी शोधलं.

ईश्वरी आठ वर्षांची. तिला एडीएचडी आहे. लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही. औषध मानसोपचारतज्ज्ञांचं. मी कानाचं ॲक्युपंक्चर करते, तेही पूरक म्हणून. लहान मुलांना सुया टोचत नाही. कानाच्या ठरावीक बिंदूंवर मोहरीएवढे दाणे चिकटपट्टीने लावते. मुलं ते अधूनमधून दाबतात. शाळेने बजावलं होतं, वर्गातून पळणं थांबलं नाही तर दाखला घेऊन जा.

वडील बालाजी मूळचे लातूरचे, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला. पहिल्याच दिवशी त्यांनी चेकशीट बनवली. गोळी, दाणे, झोप, शाळेचा डबा संपला का, वर्गाबाहेर किती वेळा. रोजच्या रोज नोंद.

त्या मंगळवारी डब्याच्या रकान्यात सलग टिक पाहून मी म्हणाले, "भूक सुधारली. दाण्यांचा गुण दिसतोय."

"थांबा मॅडम. डबा रिकामा यायला लागला, त्याच दिवसापासून पोरगी जास्त पळतीय. दोन रीडिंग एकदम हलली म्हणजे कुणीतरी सेटिंगला हात लावलाय."

बालाजी पत्नीकडे, सुनीताकडे वळले. "गोळी देऊलालीस ना?"

"शीटवर टिक हाय की."

"टिक दिसतीय. गोळीचं विचारतोय."

सुनीता म्हणाली, "न्हाई देत. दाणे लावले म्हणून बंद केली. गोळीनं पोरगी जेवत नव्हती. भरला डबा परत यायचा. तुमी जाता फर्स्ट शिफ्टला, तुमाला काय दिसतंय?"

"अगं, मग सांगायचं! आमच्या लाइनवर न सांगता सेटिंग बदललं तर घरी बसवतेत."

"पोरगी काय तुमचा पार्ट हाय का?"

खुर्चीखालून ईश्वरी म्हणाली, "पप्पा, मी ओके पार्ट आहे."

मी तिथूनच तिच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला. सुनीताने स्वतः सगळं सांगितलं. भूक मंदावणं हा त्या गोळीचा माहीत असलेला परिणाम आहे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासून डोस कमी केला, गोळी नाश्त्यानंतर द्यायला सांगितली. मी दाण्यांच्या जागा बदलणार होते.

"नको मॅडम," बालाजी म्हणाले. "एका टायमाला एकच बदल."

मी जागा बदलल्या नाहीत.

पुढच्या तीन आठवड्यांची शीट माझ्याकडे आहे. गोळीच्या रकान्यात टिकऐवजी सुनीताची सही आहे. वर्गाबाहेर: पहिल्या आठवड्यात दोनदा, नंतर एकदाही नाही. त्यात दाण्यांचा वाटा किती, हे शीटवरून सांगता येत नाही. शाळेने दाखला दिलेला नाही. शेवटच्या शुक्रवारी डबा अर्धा संपला होता.