प्रांजल आणि माझं कुलूप

खोटं कशाला बोलू, प्रांजल पहिल्या दिवसापासनं माझ्या डोळ्यांत खुपत होती. उंब्रजजवळच्या आमच्या उपकेंद्रात मी सत्तावीस वर्षं नर्स. अर्ध्या गावाला लस माझ्या हातानं टोचलीय. आन् ही कडेगावाकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली पोरगी, शिकून आली ती थेट माझ्या वरच्या जागेवर! महिनाभरात म्हाताऱ्या बायासुद्धा मला ओलांडून विचारायला लागल्या, "प्रांजलबाई हायत का?" बाई म्हणे! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

तिनं आल्या आल्या काय केलं, तर ॲलर्जीच्या मोठ्या झटक्यासाठीचा लाल डबा कपाटातनं काढून टेबलावर ठेवला. आत ॲड्रेनालिनच्या काचेच्या कुप्या, सिरिंजा, सुया आन् वयाप्रमाणं डोस लिहिलेला कागद. दर महिन्याला कुप्यांच्या तारखा तपासायची. "संयोगिताताई, हा डबा कुलपात नको. वेळ आली तर मिनिटंसुद्धा मिळत न्हाईत."

मला शिकवती! सत्तावीस वर्षांत एकदाबी तो डबा उघडावा लागला न्हवता. एका संध्याकाळी ती गेल्यावर मी डबा परत कपाटात घातला, कुलूप ठोकलं आन् चावी कमरेला खोचली. कारण एकच, तिनं केलेलं मोडायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊसतोडीवरनं गावातल्या दादासोला आणलं, मोटारसायकलवर दोघांच्या मधी बसवून. गांधीलमाश्या चावल्या होत्या. तोंड सुजलेलं, आवाज घोगरा, मान टाकलेली. प्रांजल ओरडली, "बसवू नका, आडवं झोपवा! पाय उशीवर घ्या! ताई, डबा कुठाय?"

मी कमरेला हात लावला. चावी कालच्या साडीसंगं घरी राहिली होती. "तवर ॲलर्जीचं ॲव्हिल टोचू," मी म्हणाले.

"ॲव्हिलवर जीव वाचायचा न्हाई, ताई!" तिनं दाराला लावायचा दगड उचलला आन् तीन घावांत कुलूप तोडलं. कात्रीनं विजार फाडली, अर्धा मिली ॲड्रेनालिन भरलं आन् मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध सुई घातली. घड्याळ बघितलं. मी १०८ ला फोन लावला. पाच मिनिटांत फरक न्हाई, म्हणून तिनं दुसऱ्या मांडीत दुसरा डोस दिला. मग कुठं त्याचा श्वास मोकळा झाला. "बरं वाटतंय, उठतो," दादासो म्हणाला.

"अजिबात उठायचं न्हाई! झटका परत येऊ शकतो." गाडी येईस्तोवर तिनं त्याला आडवंच ठेवलं आन् देखरेखीसाठी कराडला धाडलं.

दुपारी आरोग्य केंद्राचे मोठे डॉक्टर आले. दादासो वाचल्याचं सांगितलं आन् तुटकं कुलूप बघून विचारलं, "हे कुणी लावलं होतं?"

प्रांजलनं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. "गडबडीत चुकून लागलं असंल, सर."

अगं बाई! म्हणजे मनाचा मोठेपणाबी हिचाच? गाव हिचं झालं, दादासोचा जीव हिनं वाचवला, आता माझी नोकरीबी हिनंच वाचवायची? निवृत्तीला आठ महिने राहिले होते. चौकशी लागणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"चुकून न्हाई, सर," मी म्हणाले. "मी लावलं. हिच्यावर जळून लावलं."

निदान एवढ्या एका गोष्टीत तरी तिला माझ्या पुढं जाऊ द्यायचं न्हवतं.