शाईने लिहिलेले साल

माझी आत्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात एकतीस वर्षे नोकरीला आहे. विद्यार्थी तिला ‘पानबाई’ म्हणतात, कारण कोणीही दाखला घेऊन आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: “पान कोणतं?” सांगता आले नाही, तर चष्मा कपाळावर सरकवून ती विचारते, “मग वाचलंस कुठं? स्वप्नात?”

पंधरा दिवसांपूर्वी मीच तिच्या टेबलापाशी उभी होते. शहराच्या पाणीपुरवठ्यावरचा माझा निबंध महिनाअखेर द्यायचा होता आणि त्याचा सगळा डोलारा एका सालावर उभा होता. पहिला पंप १९३४ मध्ये, म्हणजे शहरातल्या पटकीच्या साथीच्या आधी सुरू झाला, असे चार पुस्तके सांगत होती. पण चौथे तिसऱ्याचा हवाला देई, तिसरे दुसऱ्याचा, दुसरे पहिल्याचा. आणि पहिल्याच्या तळटीपेत एवढेच होते: ‘ग्रंथालयाची कार्डसूची, कात्रणसंग्रह.’

“आत्या, हे चार साक्षीदार नाहीत. एकच आहे, चार टोप्या घातलेला.”

“शहाणीच आहेस. थांब, कार्ड काढते.”

कार्ड निघाले. टपोरे अक्षर, निळी शाई: १९३४. अक्षर तिचेच होते. तिने पेटीतून पंपाच्या बातमीचे मूळ कात्रण काढले. तारखेचा कोपरा फाटलेला होता. मागे, पुन्हा तिच्याच हातचे, पेन्सिलीने लिहिलेले होते: ‘बहुधा १९३४. तपासणे.’

विभागाची रीतच अशी की कात्रणावर फक्त पेन्सिल, कार्डावर फक्त शाई. कच्ची नोंद पक्की करताना शंका मागेच राहिली होती.

“पहिलंच वर्ष होतं गं माझं,” ती म्हणाली. “तपासू नंतर, असं म्हटलं असेन.” “किती जणांनी घेतलं असेल?”

“मला सापडले ते एकोणीस प्रबंध.”

पुढच्या महिन्यात ती निवृत्त होणार आहे. तिने दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. “मी हे फाडलं तर?”

“पुस्तकं तशीच राहतील. फक्त ती तपासायला काही उरणार नाही.”

मग ती कार्ड आणि कात्रण घेऊन विभागप्रमुखांच्या खोलीत गेली. मी दारातच थांबले. सगळे ऐकून ते हसले. “अहो बाई, पंप चालू झाला ना? मग झालं तर! जाता जाता कशाला राईचा पर्वत करताय?”

“साहेब, साथीनंतर चालू झाला असेल तर?”

त्यांचे हसू मावळले. “लेखी द्याल?”

“देते. चूक माझी, असंच देते.”

मी निबंधाला मुदतवाढ मागितली. अजून मिळालेली नाही. सालापुढे काय लिहू, असे विचारले तेव्हा आत्याने शब्दन्‌शब्द सांगितला: “संदर्भ विभागातल्या कर्मचाऱ्याचा अंदाज, पुरावा उपलब्ध नाही.”

आता ती एकोणीस जणांचे पत्ते शोधते आहे. तिघे वारले आहेत. अकरा पत्रे गेली. उत्तर एकाचेही नाही. टपाल आले की ती खुर्चीतून अर्धवट उठते, आणि गठ्ठा न पाहताच पुन्हा बसते.