खिडकीसर

आमचे भूमितीचे सर वर्गात आले की आधी हजेरी घेत नसत, खिडक्या लावत. चारही! अमरावतीच्या मार्च महिन्यात, भर दुपारी! मग दार लोटायचं, मानेवरचा घाम पुसायचा आणि हळूच म्हणायचं, "हं, आता सांगतो." म्हणून ते खिडकीसर. खरं नाव फक्त शाळेच्या दप्तरात राहिलं.

आमची शाळा पडली खानदानी. आजूबाजूच्या शाळांत मराठी आली तरी आमच्याकडे गणित इंग्रजीतच चाले, आणि कुठून मराठी ऐकू येते का ते बघत हेडमास्तर व्हरांड्यात फिरत. सर दारातूनच प्रमेय इंग्रजीत मोठ्यानं वाचत, व्हरांड्याचं समाधान करत, आणि मग खिडक्या लावत. "पाह्य, बंडी गेली का मातीत दोन चाकोऱ्या उमटतेत. त्या कधी एकमेकीले भेटतेत काय? भेटल्या त बैल मेले समज. ह्याच समांतर रेषा." मी भातकुलीहून मामाकडे शिकायला आलेली. इंग्रजी डोक्यावरून जायची, पण बैलांची बंडी मला चांगली ठाऊक होती.

मग राज्य मराठी झालं आणि हुकूम सुटला, सगळे विषय मराठीतून. काल मराठी बोलल्याबद्दल पोरांना अंगठे धरायला लावणाऱ्या हेडमास्तरांनी मातृभाषेवर असं भाषण ठोकलं की स्वतःच गहिवरले. सर मात्र खरोखर हरखले. "उघडा रे खिडक्या, पोट्टेहो! आपलं राज्य आलं." आठ दिवस वर्गात वारा खेळला. काय सुख होतं म्हणून सांगू!

नवव्या दिवशी हेडमास्तर खिडकीत उभे.

"अहो, मराठीत शिकवा म्हटलं होतं. हे काय चाललंय?"

"मराठीच हाये, साहेब."

"ही मराठी?" असं म्हणून त्यांनी नवं पुस्तक सरांच्या हातात ठेवलं. त्यातलं वाक्य सुरू झालं की शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरून जायची. इंग्रजी निदान परकी होती, समजली नाही तर लाज तरी वाटत नसे. सरांनी दोन पानं वाचली, उठले आणि निमूटपणे खिडक्या लावल्या. "इंग्रज गेला," ते म्हणाले, "पन व्हरांडा काई गेला नाई."

त्याच वर्षी तपासणी आली. वीस वर्षांनी सरांची पर्यवेक्षक व्हायची पाळी होती आणि ती तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या शेऱ्यावर अडली होती. "अर्धा तास सांभाळून घ्या रे," त्यांनी आम्हाला हात जोडले. साहेब मागच्या बाकावर बसले. खिडक्या सताड उघड्या, आणि सर पुस्तकातली मराठी बोलू लागले. रेडिओवरचा माणूस बरा, इतके ते परके वाटत होते. साहेब खुशीत मान डोलवत होते. जाता जाता त्यांनी नेमकं मलाच विचारलं, "काय मुली, समजलं ना?"

हो म्हणायचं होतं, बस्स. पण खोटं बोलायची अक्कल त्या दिवशी कुठं शेण खायला गेली होती कोण जाणे. मी उठले आणि सरांना विचारलं, "सर, खिडक्या लावू का?"

साहेबांना काही कळलं नाही. सरांना कळलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मेले मी, घालवलं मी सगळं! मग त्यांनी पुस्तक मिटलं.

"राहू दे उघड्या," ते म्हणाले, आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात सुरू झाले, "पाह्य, बंडी गेली का..."

शेरा आला, 'भाषा अशुद्ध'. पर्यवेक्षक दुसरेच झाले. त्यांना भूमिती येत नव्हती, पण बोलणं फार शुद्ध होतं. सरांची रवानगी संस्थेच्या अंजनगावच्या शाळेत झाली. मी त्यांच्या घरी जाऊन ढसाढसा रडले. "कावून रडून राहिली वो?" ते म्हणाले. "तुले समजलं नं? मंग झालं." पुढे एक कार्ड आलं. "इथल्या खिडक्याले दारंच नाईत. लय बरं हाये."

आता मीही भूमिती शिकवते. परवा हेडबाई म्हणाल्या, "बाई, तुमचं ते बंडीचं बोलणं पार व्हरांड्यात ऐकू येतं हं."

म्हटलं, "येऊ द्या."