कोपऱ्यातली गाठ

शाळेच्या कार्यालयात घड्याळाखाली एक प्रमाणपत्र सात वर्षं टांगलेलं होतं. मुलांच्या बोलीतून वाचन शिकवण्याच्या उपक्रमाला जिल्ह्यात पहिला क्रमांक, आणि खाली माझं नाव. ते काम माझं नव्हतं.

लिहून टाकलं एकदाचं. मी मुळात कमी बोलणारा माणूस. लोकांना वाटतं गुरुजी गंभीर आहेत. गंभीर कसले, मला भीती वाटायची. बोलायला लागलो आणि विषय त्या प्रमाणपत्राकडे वळला तर काय करायचं, ही ती भीती.

काम बाईंचं होतं. आमच्या आवारात, माझ्या वर्गापासून चाळीस पावलांवर अंगणवाडी आहे, तिच्या सेविका. त्यांच्या घरी मासेमारी आहे, माझं घर घाटाखाली, फोंड्याच्या बाजूला, भाताचं आणि काजूचं. मालवणी आम्हा दोघांचीही, पण डी.एड.ला कोल्हापुरात असताना माझं बोलणं ऐकून वर्ग हसला होता, तेव्हापासून मी शाळेत ती तोंडातून काढली नव्हती. पहिलीतलं पोर बोलायला लागलं की मी म्हणायचो, "नीट बोल." पोर नीट बोलायचं नाही, गप्प बसायचं. त्यालाच मी शिस्त समजत होतो.

बाई वेगळंच करत होत्या. गावातल्या घराघरांतून त्या जुन्या कॅलेंडरांची पानं मागून आणायच्या, मागची बाजू कोरी असलेली. पोराला विचारायच्या, काल घरी काय झालं? पोर जे बोलेल ते जसंच्या तसं जाड पेनाने त्या पानावर लिहायच्या. एका मुलीचं पान मला अजून पाठ आहे: "माज्या आजान जाळा शिवल्यान. मी सुयो भरून दिलंय." मग त्यावर बोट फिरवत दोघी वाचायच्या. स्वतःचंच वाक्य, त्यामुळे पोराला काय वाचतोय हे आधीच माहीत. पान घरी जायचं, परत यायचं. काही महिन्यांनी त्याच पानावर खाली तेच वाक्य पुस्तकातल्या मराठीत यायचं: माझ्या आजोबांनी जाळं शिवलं, मी सुया भरून दिल्या. वर घरची भाषा, खाली शाळेची, मध्ये चार बोटं जागा.

त्यांच्या हाताखालून आलेली पोरं माझ्या पहिलीत वाचत आली. मला वाटलं, बॅच हुशार आहे. दुसऱ्या वर्षीही तसंच झालं. तेव्हा मी बाईंकडे जाऊन म्हटलं, "ते कागद जरा बघायला द्या."

"न्हेवा की," त्या म्हणाल्या, आणि दोन वर्षांची चळत माझ्या हातात ठेवली.

त्याच सुमारास तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शिक्षकांच्या उपक्रम-स्पर्धेची सूचना आली. फक्त शिक्षकांसाठी होती, सेविकांसाठी नव्हती. हे मी पुढे स्वतःला पुष्कळदा ऐकवलं: त्यांना भाग घेताच येत नव्हता, मी नाही पाठवलं असतं तर ते काम कुणाला कळलंही नसतं. खरं आहे. पण अर्जात एक रकाना होता, 'उपक्रमाची मूळ कल्पना कोणाची'. तिथे त्यांचं नाव लिहायला कुणाची बंदी नव्हती. मी 'स्वतः' असं लिहिलं. शेवटच्या पानावर आभार मानले, 'अंगणवाडी सेविका यांचे सहकार्य लाभले'.

आणखी एक गोष्ट केली. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात भोक पाडून दोऱ्याची एक गाठ मारलेली असायची. कुठे जाळ्याचा निळा दोरा, कुठे काथ्याच्या सुंभाचा तुकडा, कुठे फुलं ओवायचा पांढरा. पानांचे फोटो काढले तेव्हा गाठी जागेवर होत्या. फोटोंखाली मी लिहिलं, 'पालकांच्या सहभागातून सजावट'. मग मूळ पानं प्लास्टिकच्या फाइलीत घालताना गाठी अडायला लागल्या. मी कात्री घेतली आणि सगळे कोपरे कापून टाकले. शंभरेक पानं असतील. अर्धा तास लागला, सुबक दिसत होतं.

सत्कार शाळेतच झाला. शाल, श्रीफळ, चहा. चहा बाईंनी केला होता. सगळे गेल्यावर कप विसळता विसळता त्यांनी विचारलं, "बरा झाला, गुरुजी. माजे कागद जपून ठेवल्यात मां?"

"ठेवलेत," मी म्हणालो.

त्यांनी परत मागितले नाहीत. मी दिले नाहीत.

यंदा मार्चमध्ये मला एका विद्यापीठातून ईमेल आली. घरची भाषा आणि शाळेची भाषा यांच्यामधून मुलं वाटचाल कशी करतात यावर तिथे संशोधन चाललंय. स्पर्धेला पाठवलेला माझा अहवाल त्यांच्या वाचनात आलेला. इथे किनाऱ्यावर वर्षभरासाठी एक सह-संशोधक नेमायचा आहे, पदवीची अट नाही, भाषा शिकवण्याचा प्रत्यक्ष अनुभव हवा. मानधन, नोंदी कशा ठेवायच्या याचं प्रशिक्षण, आणि पुढे इतर शाळांना, अंगणवाड्यांना ही पद्धत शिकवायची जबाबदारी. आपण तयार आहात का?

आमच्याकडे भाषा शिकवण्यात कुणाला काही भविष्य दिसत नाही. पोरगा हुशार तर सायन्सला, मुंबईला. भाषेचा मास्तर म्हणजे दुसरं काही जमलं नाही तो. अशा ठिकाणी कुणीतरी सांगतंय की तुम्ही पोरांना वाचायला शिकवता ते नीट नोंदवण्यासारखं आहे, त्याला संशोधन म्हणतात. मी ती ईमेल तीनदा वाचली आणि, लपवत नाही, हरखलो. 'हो' असं उत्तर पाठवलं.

आठवड्याने त्यांच्याकडच्या मॅडम आल्या. तिशीच्या, पायात साध्या चपला, आल्या आल्या पोरांत जमिनीवर बसल्या. दुपारी माझी फाइल उघडली, शेजारी लॅपटॉपवर अहवालातले फोटो. बराच वेळ एकदा फाइलीत, एकदा लॅपटॉपवर बघत होत्या.

"सर, फोटोत सगळ्या पानांना कोपऱ्यात गाठी आहेत. मूळ पानांना कोपरेच नाहीत."

"फाइलीत बसत नव्हती."

"पण गाठी वेगवेगळ्या आहेत. नुसता दोरा वेगळा नाही, बांधायची पद्धतच वेगळी. का?"

मला काहीतरी ठोकून देता आलं असतं. सात वर्षांत तेवढा सराव झाला होता. पण समोर मॅडम खरंच विचारत होत्या, आणि मला खरंच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. "हे अंगणवाडीच्या बाईंना विचारावं लागेल," मी म्हणालो.

ती चाळीस पावलं आम्ही चाललो. बाई पोरांच्या खिचडीच्या ताटल्या पुसत होत्या. मॅडमनी लॅपटॉप पुढे धरला. बाईंनी हात पदराला पुसले आणि फोटोवर बोट ठेवलं.

"ही जाळ्याची गाठ. म्हणजे आजान मारल्यान. ही अबोलीचो वळेसर, गजरो, करतात ती, आवशीची. ही सुंभाची, तेचो बापूस माडार चढता." मग माझ्याकडे बघून, "पोरान घराकडे वाचून दाखवला काय जेणा आयकला तेणा गाठ मारूची. सही कर म्हटला तर म्हातारो लाजता, आंगठो लावक तर त्याहून लाजता. गाठ मारूक कित्याक लाजतलो?"

मॅडम लिहायच्या थांबल्या. "आणि गाठ आली नाही तर?"

"तेच्या घराक मी जातंय. आयकूक. कोणीतरी आयकूक होया मां? नायतर पोर वाचतला कोणासाठी?"

मग त्यांनी फाइलीतलं एक पान उचललं. कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मी जमिनीकडे बघत होतो.

"सजावट म्हणान लिवल्यात," त्या शांतपणे म्हणाल्या. "बरा लिवल्यात."

परत येताना मॅडम दारात थबकल्या. "सर, मी पत्र चुकीच्या माणसाला पाठवलं का?"

"हो," मी म्हणालो. एवढ्यावर माझं अंग हलकं झालं असंही नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. अडचण सांगितली. निवड समितीपुढे जो कागद आहे त्यावर माझं नाव आहे. बाईंचा अर्ज जायचा तर पद्धत कुणाची हे माझ्याच सहीने लेखी यायला हवं, आणि तेही सोमवारपर्यंत. नाहीतर जागा दुसऱ्या जिल्ह्यात जाईल. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "माका कोण निवडतलो? मी बारावी." पण अर्ज भरला. अक्षर पोरांच्या पानांवर असतं तसंच, मोठं आणि सरळ.

मी शुक्रवारी शाळा सुटल्यावर पत्र लिहिलं आणि त्यांना नेऊन दिलं. त्यांनी हातात घेतलं नाही.

"मोट्यान वाचा."

वाचलं. ही पद्धत मी सुरू केलेली नाही. अर्जात मी खोटं लिहिलं. मूळ पानांचे कोपरे मी कापले. बाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. शेवटाकडे त्यांनी हात वर केला.

"हय परत सहकार्य लिवल्यात. ता काडा."

मी ती ओळ खोडली. पूर्ण वाचून झालं, आणि मी वेड्यासारखा उभा राहिलो. बहुतेक मला वाटत होतं की त्या आता पेटीतून दोरा काढतील.

"माज्याकडे काय बगतास? गाठ घरातली लागता. ह्या घराकडे वाचून इल्यात काय?"

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर कसालला गाडी बदलून घरी गेलो. बायको पडवीत काजूची गोणी शिवत होती, दाभण आणि सुतळी घेऊन. त्या प्रमाणपत्राचा तिला माझ्यापेक्षा जास्त अभिमान होता. तिच्या माहेरी प्रत्येकाला तिने ते सांगितलं होतं. मी म्हटलं, एक वाचून दाखवायचंय. ती म्हणाली, "वाचा, माझे कान मोकळे आसत." पहिल्या चार ओळींनंतर दाभण थांबला.

वाचून झाल्यावर तिने गोणी बाजूला सारली. मग म्हणाली, "शाल परत मागतले तर जमाचा नाय. ती मी आवशीक दिलंय." आणि थोड्या वेळाने, "माका सांगूक काय झाल्ला तुमका?"

मी पत्र पुढे केलं आणि गाठीचं सांगितलं. तिने दाभणाने कोपऱ्याला भोक पाडलं, सुतळी ओवली आणि गोणीचं तोंड बांधतात तशी करकचून गाठ मारली. सरकारी कागदाला सुतळीचा गोंडा. तो तसाच समितीकडे गेला. एक प्रत प्रमाणपत्रासह मी शिक्षण विभागाला पाठवली. तिथून उत्तर यायचंय. येईल ते मान्य आहे. घड्याळाखालची भिंत तेवढ्या चौकोनात अजून पांढरी दिसते. मी तिला रंग देऊन घेतलेला नाही.

बाईंची निवड झाली. त्या दिवशी गावात पेढे कुणी वाटले असतील तर त्यांच्या नवऱ्याने, होडीवरून उतरून तसाच, ओल्या लुंगीने.

गेल्या महिन्यात सिंधुदुर्गनगरीला त्यांचं पहिलं सत्र झालं. समोर शिक्षक आणि सेविका, सभागृह भरलेलं. मी शेवटच्या रांगेत होतो. बाई उभ्या राहिल्या आणि मालवणीतच बोलायला लागल्या. ज्या इमारतींत आम्ही सगळे पायरी चढतानाच बोलणं बदलतो, तिथे. चार वाक्यांत कुजबुज थांबली. एक केंद्रप्रमुख उठून म्हणाले, "हे छान आहे, पण प्रमाण मराठीचं काय?"

बाईंनी पान उंच धरलं. "ती खाली आसा, सायेब. पण वाचूक वरसून सुरवात करतत मां?"

सभागृह हसलं, ते गृहस्थही हसले. माझ्या शेजारच्या सेविकेने मला कोपराने ढोसून विचारलं, "ह्यांका ओळखतास तुमी?" मी म्हणालो, "होय तर. आमच्या आवारातल्याच." असल्या बढाईचा मला हक्क नाही, पण मारली. मालवणीत विचारलेल्याला मी पुस्तकी उत्तर दिलं हे नंतर लक्षात आलं.

सत्र संपल्यावर सेविकांनी बाईंना घेरलं. अर्ज कुठे करायचा, नोंद कशी ठेवायची, बारावी चालते का, दहावी चालते का. बाई प्रत्येकीला सांगत होत्या, पयली घरातली कॅलेंडरां जमव गो. दारावर नोंदवही घेऊन बसलेल्या माणसाने मला हटकलं, "आपण कोण? नाव, पद?"

"मी बाईंबरोबर आलोय," मी म्हणालो. त्याने तसंच लिहिलं.

बसस्टॉपवर बाईंनी कागदांची पिशवी माझ्याकडे दिली. यंदाची सगळी पानं होती तिच्यात, कोपऱ्यांसकट. "सांबाळून न्हेवा हां गुरुजी," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. गाडी भरलेली होती. गाठी दबू नयेत म्हणून मी ती पिशवी गाव येईपर्यंत मांडीवर आडवी धरून ठेवली.