कोन्या मेला नव्हता

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीतच राहिलं. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

विमा ऑफिसातल्या साहेबांनी मला विचारलं, "चावलेलं कुत्रं आता कुठं आहे?" मी तोंड उघडायच्या आत अक्काताई म्हणाली, "मेलं की!"

अक्काताई सूतगिरणीत माझ्या शेजारच्या मशीनवर असते. आम्ही वाइंडिंगला आहोत, म्हणजे बॉबिनवरचं सूत पुठ्ठ्याच्या मोठ्या, निमुळत्या कोनावर गुंडाळतो. कुत्रं आमच्याच खात्यातलं. कोनांच्या रिकाम्या पेटीत झोपतं म्हणून त्याचं नाव कोन्या. डब्यातला पहिला तुकडा त्याला हातानं भरवायचा, ही आम्हा बायकांची रीत. मी पेटी ओढली, आत कोन्या झोपला होता. तो दचकून चावला.

विम्यासाठी आमच्या पगारातून पैसे कापतात, म्हणून औषधपाणी फुकट असतं. पण त्या दिवशी विम्याच्या दवाखान्यात रेबीजची लस संपली होती. डॉक्टर म्हणाले, "थांबू नका. बाहेरून घ्या, पैसे परत मिळतील." त्यांनी तशी चिठ्ठी दिली. लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्यासाठी ठेवलेले पैसे लसीला गेले.

ऑफिसाबाहेर आल्यावर मी अक्काताईला विचारलं, "मेलं कशाला म्हटलंस?"

"गप गं! धडधाकट हाय म्हटलं तर लस कशाला टोचली म्हणतील. आता केस जड झाली बघ."

केस फारच जड झाली. साहेबांनी गिरणीत फोन केला. दुसऱ्या दिवशी मॅनेजर खात्यात आले.

"कुत्रं पिसाळून मेलं म्हणे. ज्यांचे हात त्यानं चाटलेत, त्यांनी हात वर करा."

सगळ्यांचे हात वर झाले. मशीन बंद पडल्या.

"अख्ख्या खात्याला टोचायचं काय आता? चौकशी झाल्याशिवाय कुणाचा क्लेम पुढं जाणार नाही."

तेवढ्यात कोन्या पेटीतून उठला, आळस दिला आणि मॅनेजरांचा बूट हुंगू लागला.

"हे कुणाचं?"

"ते दुसरं हाय," अक्काताई म्हणाली.

मी मॅनेजरांशी कधी बोलले नव्हते. पण लेकीचे दिवस भरत आले होते. "दुसरं न्हाय, साहेब. ह्योच चावलाय. मेला न्हाय."

अक्काताईनं माझ्याशी बोलणं टाकलं. विमा ऑफिसात मी एकटीच गेले.

"कुत्रं जिवंत आहे? मग लस कशाला घेतली?"

म्हणजे अक्काताईचं अगदीच खोटं नव्हतं.

"ते मरतंय का जगतंय बघत बसू नका म्हणालं डॉक्टर. हितं लिवलंय."

साहेबांनी चिठ्ठी वाचली. "हे पहिल्यांदाच सांगायचं की, मावशी."

"त्या दिवशी मला बोलाय कुठं मिळालं?"

साहेब पहिल्यांदाच हसले आणि शिक्का मारला.

यातून एवढंच शिकले. विमा ऑफिसात चिठ्ठी न्यावी, बिल न्यावं आणि अक्काताईला बाहेरच्या बाकावर बसवावं. लेकीला दवाखान्यात न्यायच्या आधी पैसे बँकेच्या खात्यावर आले. सगळे.