अक्काचं ताट आणि माझं बटण

फोनवर वरून एक पट्टी टपकते ना, ‘नवीन आवृत्ती आली आहे, अपडेट करा’ म्हणणारी, ती बनवायचं माझं काम. रंग माझा, शब्द माझे आणि खालची दोन बटणंही माझीच, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. त्यातलं ‘आत्ता’ आजवर कुणी दाबलेलं मी तरी पाहिलं नाही. ‘नंतर’वर मात्र इतकी बोटं पडायची, की ते बटण दगडाचं असतं तर त्याला एव्हाना खळगा पडला असता.

ॲप पाण्याचं होतं. आमच्या भागात नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, आणि कुठल्या घटकेला येईल ते विचारायचं नसतं. पाणी सोडणाऱ्यानं चावी फिरवली की ॲप वाजायचं, लोक बादल्या घेऊन धावायचे. ते बनवणारी आमची कंपनी सात रस्ता चौकाजवळ एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर मावलेली. आठ माणसं, एक पंखा, आणि तोही साहेबांकडं तोंड करून.

आता गंमत ऐका. ह्या ॲपची पट्टी बनवणारा मी, माझ्याच फोनवर ते ॲप नव्हतं. आमच्या गल्लीत ते कुणाकडंच नव्हतं, खाली राहणारी अक्का सोडून. अक्का एकटी, विड्या वळणारी, गुडघ्यांनी अधू झालेली. पोरगा परदेशात. त्यानं दिलेल्या फोनची काच अशी तडकलेली, की करमाळ्यापासून वळसंगपर्यंतचे सगळे रस्ते तिच्यावर दिसावेत. तो फोन वाजला की अक्का दारात येऊन पितळी ताटावर पळी हाणायची. तो आवाज मोडनिंबपर्यंत जात असावा, गल्लीत तर मेलेला उठून नळाला नंबर लावेल असा. ताट वाजलं की चौदा घरांचे नळ उघडायचे. आणि त्याच्या बदल्यात एक रीत पडून गेली होती: ज्याचं पाणी आधी भरून होईल त्यानं अक्काचं बॅरल भरायचं. तिच्याच्यानं कळशी उचलत नव्हती. ताट होतं म्हणून बॅरल भरत होतं, एवढा साधा हिशेब.

एकदा ऑफिसला निघताना तिनं मला जिन्यात अडवलं. “बाळा, हे रोज काय म्हनतंय बघ की.”

बघतो तर माझीच पट्टी. मला उशीर होत होता. “काही नाही अक्का, ‘नंतर’ दाबा.”

“नंतर दाबू?”

“दाबा बिनधास्त.”

साक्षात बनवणाऱ्यानं सांगितलेलं. अक्का रोज सकाळी चहाआधी ‘नंतर’ दाबू लागली. दिवाळीत पोरगा येऊन गेला, तेव्हासुद्धा तिनं त्याच्यादेखत नेमानं दाबलं.

दिवाळीनंतर साहेबांनी बैठक घेतली. पाण्याच्या पाळ्या बदलणार होत्या, आणि जुन्या आवृत्तीला नव्या पाळ्या कळणार नव्हत्या. म्हणून ‘नंतर’ काढून टाकायचं. अपडेट करा, नाहीतर ॲप बंद.

मी म्हणालो, “साहेब, काही जुने फोन नवीन आवृत्ती घेतच नाहीत.”

“किती राहिलेत असे?”

“थोडे.”

“मग त्या थोड्यांसाठी सगळ्यांना लटकवायचं का? तू मेसेज चांगला लिही. जरा गोड लिही.”

मी गोड लिहिला. त्या एका वाक्यासाठी एवढ्या बैठका झाल्या की तेवढ्यात उजनी धरण भरून रिकामं झालं असतं. शेवटी ठरलं: ‘आपल्या सोयीसाठी जुनी आवृत्ती बंद झाली आहे.’ खाली एकच बटण. साहेब म्हणाले, क्लीन दिसतंय. मलाही दिसलं. बंद पडणाऱ्या फोनांच्या यादीत अक्काचा फोन एक होता. त्या एकामागची चौदा घरं कुठल्या यादीत असणार? ती मला माहीत होती, आणि मी बोललो नाही. पंखा साहेबांकडं होता, मला घाम आला होता, आणि जेवायची वेळ झाली होती.

पुढच्या पाळीला पाणी भर सकाळी अकराला आलं आणि गेलं. ताट वाजलं नाही. संध्याकाळी घरी आलो तर गल्ली अक्काच्या दारात उभी.

“अक्का, झोपला होतात काय?”

“फोन वाजलाच न्हाय. ह्ये बघा, काय लिवलंय.”

समोरच्या काकूंनी मोठ्यानं वाचलं, “आपल्या सोयीसाठी.” आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

अक्का माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, “दिवाळीत पोरगा आलता. तवा सांगितलं असतंस तर दुसरा फोन मागितला असता की.”

पाच दिवस आम्ही पिण्याचे जार आणून काढले. तेवढ्यात गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी आपापल्या फोनवर ॲप घेतलं. मीही घेतलं. माझा जुना फोन अक्काला दिला, नवीन आवृत्ती घालून दिली, आवाज सगळ्यात मोठा करून दिला. वाटलं, मिटलं.

पुढच्या पाळीला मी सुट्टीवर होतो. दुपारी गल्लीत चौदा फोन एकदम वाजले. आपापल्या घरात मोटारी सुरू झाल्या, दारं लागली. मीही मोटारीचं बटण दाबलं आणि टाकीचं झाकण उघडून उभा राहिलो. मग खालून ताट वाजायला लागलं. अक्का पायरी उतरून दारात पोचेपर्यंत तेवढा वेळ लागणारच. ती वाजवत होती आणि कुणी बाहेर येत नव्हतं.

समोरच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, “अक्का, कळलंय आम्हाला. कशाला हात दुखवून घेताय.”

ताट थांबलं.

मला ऐकू आलं होतं. पण माझी टाकी अजून अर्धीच होती, प्रेशर चांगलं होतं, आणि चौदा मोटारींत एकानं बंद केली की त्याचं पाणी दुसरा ओढतो. म्हटलं, आधी आपलं भरू, अक्काचं बॅरल नंतर.

खाली गेलो तेव्हा ती पायरीवर बसली होती, ताट मांडीवर. बॅरलचं झाकण काढून ठेवलेलं, आत तळाला वीतभर जुनं पाणी. मी पाईप लावला, नळ सोडला. नळातून नुसता वारा आला.

“असू दे,” अक्का म्हणाली. “तुमी तरी काय करनार.”

मी झाकण परत लावलं. ते नीट बसत नव्हतं.